चाकातली थाळी आणि करडीचं तेल

गाडी घेताना माणूस सगळं विचारतो. पळती किती? ॲव्हरेज काय? एसी गार हाय का? मागच्या सीटवर तीन जाड माणसं बसतील का? पालीच्या माझ्या गॅरेजात पंचवीस वर्षं चाकं खोलतोय, पण ही गाडी थांबते कशी, असं विचारणारा एक मायचा लाल मला भेटलेला नाही. थांबणं हे जणू गाडीनं आपलं आपण उरकायचं काम आहे. माणसाला जांभई येते तसं.

माझ्या धंद्याचं निम्मं श्रेय माझ्या जागेला आहे, हे आधी कबूल करतो. केजकडून बीडला येताना मांजरसुंब्याचा घाट उतरला की पाली लागते. घाट संपतो आणि मी सुरू होतो. वरून उतरलेल्या गाड्यांच्या चाकांतून जळका वास येत असतो, आतली माणसं खिडक्या खाली करून एकमेकांकडं संशयानं बघत असतात, आणि पहिलं गॅरेज दिसतं ते माझं. आमच्या मंडळींचं म्हणणं असं की, देवानं तुम्हाला अक्कल बेताचीच दिली, पण उतार चांगला दिला. खोटं नाही.

आता, ज्यांनी चाकाच्या आत कधी डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी, चार ओळी सांगतो. आपली साधी डिकीवाली घरगुती गाडी घ्या. पुढच्या चाकाच्या आत लोखंडाची एक जाड गोल चकती असते. आम्ही तिला डिस्क म्हणतो. माझी थोरली बहीण अक्का तिला थाळी म्हणते, आणि मला तरी याहून चांगला शब्द सापडलेला नाही. थाळी चाकाबरोबर गरगर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. तुम्ही पाय दाबला की ते पॅड थाळीला चिमट्यासारखे धरतात. संपलं. गाडीचा सगळा वेग त्या थाळीत उष्णता होऊन शिरतो. थाळी तापते, वाऱ्यानं निवते, पुन्हा तापते. पॅड झिजतात, ते बदलायचे. थाळीही झिजते, पण सावकाश. किती झिजली की फेकायची तो आकडा बहुतेक थाळ्यांवर कारखान्यानंच कोरलेला असतो. तो आकडा वाचलेला गाडीमालक मला अजून बघायचाय. पत्रिकेतला मंगळ सगळ्यांना वाचता येतो.

एक गुरुजी होते. चांगले मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या गाडीची पुढची चाकं ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की घाटाच्या खालच्या वळणावर असतानाच मला कळायचं, गुरुजी आले. पॅड संपत आला की थाळीला घासून ओरडण्यासाठी त्याला एक पत्र्याची जीभ लावलेली असते. म्हणजे गाडी बिचारी तोंडानं सांगत असते.

"गुरुजी, हा आवाज कधीपास्नं यायलाय?"

"येतोय तसा दिवाळीपासून," गुरुजी म्हणाले. तेव्हा आषाढ चालू होता. "पण भजनं लावली की येत नाही."

चाक खोललं तर पॅडचा मसाला नावाला नव्हता. नुसतं लोखंड लोखंडाला घासत होतं आणि थाळीवर नांगरल्यासारख्या सऱ्या पडल्या होत्या. बोट फिरवलं असतं तर पेरणी करावीशी वाटली असती. मी म्हणालो, गुरुजी, पोरगं आठ महिने हात वर करून उभं राहिलं असतं तर तुमी काय केलं असतं? गुरुजी म्हणाले, खाली बस म्हणालो असतो. प्रामाणिक माणूस.

दुसरी जात, पेट्रोल वाचवणाऱ्यांची. हे लोक घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रलला टाकतात आणि खालपर्यंत सोडून देतात. काही शूर तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते, मग पाय दगडावर दाबल्यासारखा लागतो. आणि गिअरनं धरलेली नसल्यामुळं सगळी गाडी त्या दोन थाळ्यांच्या जिवावर उतरते. असा एक जण खाली आला. चाकातून धूर, कपाळाला घाम, आणि वर मला हिशेब सांगतोय की आज पाव लिटर वाचलं. मी म्हणालो, "अबे, पेट्रोल वाचलं ते कळलं. तू कसा वाचलास बे?" त्याला राग आला. पुन्हा आला नाही. माझी अशी बरीच गिऱ्हाइकं पुन्हा आलेली नाहीत.

पण माझा खरा राग आहे तो पाणी घालणाऱ्यांवर. गॅरेजच्या अलीकडं एक चहाचं हॉटेल आहे, तिथं नळाला लांब पाइप लावलाय. घाट उतरून आलेला माणूस चहा सांगतो आणि पहिलं काम काय करतो, तर त्या पाइपानं तापलेल्या चाकांवर गार पाणी मारतो. चर्रर्र करून वाफ उठते, आणि याच्या तोंडावर असं समाधान, जसं काही पुण्य पदरात पडलं. थाळी तव्यासारखी तापलेली असते. एका अंगाला पाणी बसलं की कधीकधी ती केसभर वाकडी होते. केसभरच. मग गाडी ऐंशीच्या वर गेली आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, पायाखाली कुणी धडधडा उड्या मारतंय असं वाटतं. हे लोक मग चाकांची अलाइनमेंट करतात, टायर बदलतात, लिंबू-मिरची बदलतात. सगळं बदलून झालं की माझ्याकडं येतात, आणि तरी पाइप सोडत नाहीत.

दिंद्रुडचे एक तात्या होते. जन्म गुरं राखण्यात गेला, पोरानं हौसेनं गाडी घेऊन दिलेली. त्यांना मी पाइप हातात असताना पकडलं.

"तात्या, काय करायलात हे?"

"पाय धुवायलो तिचे. लांबून आलीय."

"अहो, ती काय बैल हाय का?"

"बैल गाडीचा सोडला की आमी आधी पायावर पाणी घालतो. हिला कावून न्हाई?"

"बैलाला घाम येतो, तात्या."

"अन् हिला धूर यायला की!" तात्या म्हणाले आणि माझ्याकडं बघत दुसऱ्या चाकावर गेले.

मी त्यांना तासभर लोखंडाचं शास्त्र सांगितलं. त्यांनी ते वासराकडं बघावं तसं माझ्याकडं बघत ऐकलं, आणि जाताना म्हणाले, मास्तर, तुमाला ऐकून घ्यायची सवय न्हाई बघा. मी हॉटेलवाल्याला टाळी देऊन हसलो होतो.

आता गंजाचं. थाळी उघडं लोखंड असते, तिला रंग देता येत नाही. गाडी धुतली, पाऊस लागला, रात्रभर उभी राहिली की सकाळी थाळी तांबडी दिसते. पहिल्या चार ब्रेकात पॅड तो तांबेरा पुसून टाकतात, थाळी पुन्हा आरशासारखी. काहीएक करायचं नसतं. पण हल्ली चाकं नक्षीची आली, मोठमोठ्या फटींची, त्यामुळं आतली थाळी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. पावसाळ्यात दिवसाआड एक माणूस तोंड पाडून माझ्यापुढं उभा. "मास्तर, चाकात गंज..." एवढं म्हणेपर्यंत मी हात हलवून त्याला वाटेला लावतो. तिसऱ्या शब्दाला मला रोग कळतो. चौथा शब्द मी ऐकत नाही. या गोष्टीचा मला फार दिवस अभिमान होता. आमच्या मंडळी म्हणायच्या, तुम्ही माणसाचं बोलणं पंक्चर काढल्यासारखं ऐकता. हवा कुठून जायलीय तेवढंच.

अक्का घाटनांदूरला दिलेली. दाजी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. दिवाळीनंतर टोळी कारखान्याला जाते, त्यामुळं दसऱ्याच्या आधी त्यांच्या ओसरीत कोयत्यांचा ढीग पडलेला असतो. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हळद-कुंकू लावून पुजायचं. कोयते, कुऱ्हाड, विळे, पहार, अक्काचं शिवणयंत्र. अक्का यात कुणाला सोडत नाही. एकदा तिनं दाजींच्या पायात बसवलेल्या स्टीलच्या पट्टीचाही उल्लेख केला होता.

त्या वर्षी भाचा सुनीलनं जुनी डिकीवाली गाडी घेतली. पांढरी, नक्षीच्या चाकांची. खंडेनवमीला सकाळी अक्काचा फोन आला. तो दरवर्षीच येतो. उद्या दसऱ्याला सोनं द्यायला येतो म्हणून सांगते, आणि शिवणयंत्राला कोणतं तेल लावू म्हणून विचारते. तीस वर्षं एकच तेल लावतेय, तरी विचारते. माझ्यापुढं तेव्हा एक गिऱ्हाईक डोकं खात उभं होतं. अक्का जे बोलली ते पूर्ण असं होतं: "बबन, सुनीलनं काल गाडी धुतली. चाकातली थाळी सगळी तांबडी पडलीय बघ. कोयत्यांना तेल लावायलेच हाय, तिला पण लावू का?"

हे पूर्ण वाक्य मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी माझ्या कानात 'कोयत्यांना तेल' एवढंच शिरलं.

"लाव की, अक्का," मी म्हणालो. "लाव, कुंकू लाव, नारळ फोड. मला कामं हायत." आणि फोन ठेवला.

दसऱ्याला गॅरेज बंद. नवा पांढरा शर्ट घालून, खिशात आपट्याची पानं ठेवून मी चुलीपाशी पहिल्या पुरणपोळीची वाट बघत बसलो होतो. मंडळी लाटता लाटता म्हणाल्या, "अक्कांचा फोन आलता. निघाल्यात सकाळीच. गाडी लई चकाचक केलीय म्हणल्या. तुमी सांगितलं तसं चाकातल्या थाळीला पण तेल लावलंय, करडीचं."

"मी सांगितलं?"

"तुमीच."

आता, ज्यांना अजून उलगडलं नसेल त्यांच्यासाठी. थाळीनं गाडी थांबते ती पॅड तिला घट्ट घासतो म्हणून. तिथं तेल लावणं म्हणजे पैलवानाला पकडायला सांगून समोरच्याच्या अंगाला लोणी चोपडणं. लोखंड तेल पीत नाही, ते पुसता येतं. पॅड पितो. एकदा प्यायला की गेला. सपाट रस्त्यावर गाडी थोडी लांब जाऊन थांबते आणि माणसाला वाटतं, चालतंय. घाटात तसं चालत नाही. तिथं पाय दाबून धरावा लागतो, थाळी तापते, तेल उकळतं, माणूस अजून दाबतो, आणि पुढं वळण असतं. गाडीत अक्का, दाजी, सुनील, त्याची बायको आणि त्यांची आठ महिन्यांची पोरगी.

सुनीलला फोन लावला. उचलेना. उचलणार कसा? गाडी चालवताना फोन घेतलास तर हात तोडीन, असं मीच त्याला चार माणसांत सांगितलं होतं. जन्मात माझं एवढं एकच कुणी ऐकलं, ते त्यानं. अक्काचा फोन पिशवीत आणि पिशवी डिकीत. दाजींचा फोन घाटनांदूरला चार्जिंगला लावलेला. तो त्यांच्या शेजाऱ्यानं उचलला आणि मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

मी मोटारसायकल काढली आणि घाट चढायला लागलो. पायात घरातल्या चपला. सोबत पाना नाही, पकड नाही, पॅड नाही. पंचवीस वर्षांचा ब्रेकवाला घाटात निघाला होता खिशात आपट्याची पानं घेऊन. समोरून पांढरी गाडी दिसली की मी वेग कमी करून आत डोकवायचो, आणि त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यानं पांढऱ्याच गाड्या घेतल्या होत्या. मधल्या वळणावर एक पांढरी गाडी कडेला होती, चाकातून धूर येत होता आणि एक माणूस कॅनमधून त्याच्यावर पाणी ओतत होता. एरवी मी उतरून त्याची सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी मी फक्त आतली तोंडं बघितली. आमची नव्हती. मी पुढं गेलो. तो ओतेना का बिंदुसरा धरण!

मांजरसुंब्याच्या चौकात, घाट सुरू व्हायच्या आधी, झेंडूची माळ घातलेली गाडी कडेला उभी दिसली. सगळी बाहेर. सुनीलची बायको पोरीला घेऊन झाडाखाली. दाजी पान लावत होते. आणि अक्का, नव्या लुगड्यात, गाडीच्या पुढं भुईवर मांडी घालून बसली होती. बंपरला पाठ लावून. गाडी हलवायची असेल तर तिच्या अंगावरूनच.

सुनील रडकुंडीला आला होता. "मामा, बरं झालं आलात. सांगा हिला. अर्धा तास झाला उठंना. वास यायलाय म्हणती. गाडीला वास येतोच की! तुमीच म्हणता, घाटात वास येतो."

"घाट अजून आलाय कुठं?" अक्का म्हणाली.

मी सुनीलकडं बघितलं, सुनीलनं रस्त्याकडं. पंचवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला इतकं नेमकं काही सांगितलेलं नाही.

"ब्रेक कसा लागायलाय?" मी विचारलं.

"लागतो की. जरा गुळगुळीत लागतो," सुनील म्हणाला. "केजात जरा पुढं गेली. केळ्याच्या गाड्यापर्यंत."

"केळीवाला दोन हात मागं सरला," पानाची शीर काढत दाजी म्हणाले. "बाकी काय न्हाई."

अक्का उठली नाही. बसल्या बसल्याच सांगायला लागली. "नेकनूरच्या गतिरोधकांपास्नं वास यायलाय. हा म्हणतो इंजिनाचा. मी म्हणलं, कढईत करडीचं तेल टाकलं अन् ते तापायला लागलं की पहिला वास येतो, तो हाय हा. चाळीस वर्षं तळायले मी. आता गाडीत कढई न्हाई. तेल मी लावलंय एकाच जागी. मग तापायलंय कुठं? अन् जिथं तेल तापायलंय, तिथं हात घालायचा का उतारावर? गॅस बंद करायचा आधी. म्हणून बसले."

मी चाकापाशी गुडघे टेकले. नक्षीच्या फटीतून थाळी दिसत होती. तपकिरी, चिकट, कढईच्या काठावर बसतो तसा थर. मधोमध कुंकवाचं बोट होतं, ते मात्र जसंच्या तसं. दुसऱ्या बाजूला तेच. अक्कानं फटीतून काडीला चिंधी बांधून फिरवली होती. तिचं काम कधी अर्धवट नसतं. नशीब एवढंच की थाळीच्या आतल्या अंगाला काडी पोचली नव्हती, म्हणून गाडी केळ्याच्या गाड्यापाशी तरी थांबली होती.

"चुकलं का रे माझं?" अक्कानं हळूच विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच पडला होता. तिनं पोरीकडं बघितलं आणि पुन्हा माझ्याकडं. "मी विचारलतं तुला."

"विचारलतंस."

"काय म्हणलास तू?"

"लाव म्हणलो."

"मग?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शिवणयंत्र, गिऱ्हाईक, गडबड, सगळं तोंडाशी आलं होतं. पण दाजी मधेच म्हणाले, "घरात मेकॅनिक असला की असंच, बबनराव. बाहेरच्याला विचारलं असतं तर त्यानं निदान ऐकलं असतं." आणि पान तोंडात टाकलं.

सगळ्यांना चौकातल्या एका भाड्याच्या जीपमध्ये बसवून खाली पाठवलं. मी पालीत जाऊन पान्यांची पेटी आणि नवे पॅड घेऊन परत चढलो. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड फेकले. थाळ्या काढून साबणाच्या पाण्यानं धुतल्या, पुसल्या, वर पॉलिश पेपर मारला. थाळ्यांना काही झालं नव्हतं. लोखंड क्षमाशील असतं. नवे पॅड घातले, नेकनूरच्या बाजूला सपाट रस्त्यावर हळूहळू वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारून ते थाळीवर रुळवले आणि मोटारसायकल चौकातच ठेवून दुसऱ्या गिअरात घाट उतरलो. पालीत पोचलो तेव्हा पुरणपोळ्या गार झाल्या होत्या आणि माझी गोष्ट अख्ख्या आळीला सांगून झाली होती. मंडळी ती माझ्यापेक्षा चांगली सांगतात. त्यात मी एका चपलेनिशी घाट चढतो.

अक्कानं मला सोनं दिलं. मी पाया पडलो. उठताना तिनं माझा उजवा कान धरला, लहानपणी धरायची तसा, पण पिळला नाही. नुसता धरून ठेवला थोडा वेळ.

आता गिऱ्हाईक आलं की मी त्याला पूर्ण बोलू देतो. खोटं कशाला सांगू, निम्म्याहून जास्त वेळा तो जे बोलतो ते ऐकण्यासारखं नसतंच. पाणी घालणारे पाणी घालतात, भजनं लावणारे भजनं लावतात. परवा एक जण चाकाला वास येतो म्हणून चाकातच उदबत्ती खोचून आला. मी त्याचंही शेवटपर्यंत ऐकलं. दात आवळून, पण ऐकलं.

खंडेनवमीला मात्र सकाळी हातातली कामं टाकून अक्काला फोन मीच लावतो. तिला सगळं ठाऊक आहे. पॅड तेल पितो हेसुद्धा ती आता शेजारणींना समजावून सांगते. तरी ती दरवर्षी सुरू करते, अगदी सावकाश: "बबन... सुनीलनं काल गाडी धुतली..." मग थांबते. पलीकडं कोयते घासल्याचा आवाज येतो. "...चाकातली थाळी सगळी तांबडी पडलीय बघ..." मग पुन्हा थांबते, पाणी पिते, दाजींना काहीतरी सांगते. समोर गिऱ्हाईक उभं असतं. मी कानाला फोन लावून उभा राहतो आणि शेवटचा शब्द येईपर्यंत तोंड उघडत नाही.